‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ पहिल्यांदा वाचताय? आधी एक कोरा कागद घ्या

या नाटकाशी माझी पहिली भेट फसली होती, ते आधीच सांगून टाकतो. रात्री जेवणं उरकल्यावर मी आणि बायको सिनेमा लावून बसलो, एलिझाबेथ टेलर आहे, रिचर्ड बर्टन आहे, पाच ऑस्कर आहेत, म्हटलं बघू तरी. चाळिसाव्या मिनिटाला बायको म्हणाली, "अरे, हे दोघं आपल्याकडे जेवायला आले ना, तर मी दारच उघडणार नाही," आणि झोपायला गेली. पाच मिनिटांनी मीही बंद केलं. दारू पिऊन एकमेकांना टोचणारं एक पन्नाशीच्या आसपासचं जोडपं आणि त्यांच्या तावडीत सापडलेलं एक तरणं जोडपं, किती वेळ बघणार? पुढे वर्षभराने पुस्तक हातात पडलं, वाचलं, आणि मग लक्षात आलं की मी भांडण बघत बसलो होतो आणि तिथे चालू होता खेळ. रीतसर नियम असलेला खेळ. तो नियम कळला नाही तर हे नाटक म्हणजे तीन तासांची डोकेदुखी, आणि कळला तर खुर्ची सोडवत नाही. म्हणून मी ज्या क्रमाने जायला हवं होतं तो क्रम इथे देतोय.

एक सूचना. पुढे सगळं गुपित फोडलेलं आहे. माझं मत असं की या नाटकात गुपित माहीत असून वाचलं तर जास्त मजा येते, पण कोरं वाचायचं असेल तर खेळांच्या भागापर्यंत वाचा, तिथे थांबा आणि नाटक संपवून परत या.

आधी किरकोळ माहिती, पटकन

लेखक एडवर्ड ऑल्बी, जन्म १९२८. श्रीमंत घरात दत्तक गेलेला मुलगा, त्या घराची थिएटरांची साखळी होती, आणि दत्तक आईबापांशी त्याचं कधी जमलं नाही. मूल, नसलेलं मूल, आपलं म्हटलेलं मूल हे त्याच्या नाटकांत पुन्हा पुन्हा येतं ते डोक्यात ठेवा, पण लगेच त्याचं चरित्र नाटकावर चिकटवायला जाऊ नका. हे नाटक १३ ऑक्टोबर १९६२ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर बिली रोझ थिएटरला आलं, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता आणि ब्रॉडवेवरचं हे त्याचं पहिलंच नाटक. ६६४ प्रयोग झाले. दिग्दर्शक ॲलन श्नायडर, मार्था झाली होती उटा हागन आणि जॉर्ज झाला होता आर्थर हिल. नाटक इतकं लांब आणि दमवणारं की दुपारच्या प्रयोगांना वेगळाच नटसंच ठेवला होता, यावरून अंदाज घ्या.

नावाचं कोडं: व्हर्जिनिया वुल्फ ही इंग्रज लेखिका नाटकात कुठेही येत नाही, तिची वाट बघत बसू नका. डिस्नेच्या १९३३ च्या तीन डुकरांच्या कार्टूनमध्ये "लांडग्याला कोण घाबरतं" असं गाणं आहे, त्यात लांडग्याच्या (इंग्रजीत ‘वुल्फ’) जागी बाईचं आडनाव टाकून केलेला हा प्राध्यापकी विनोद. ऑल्बीने ही ओळ न्यूयॉर्कच्या एका बारमध्ये आरशावर साबणाने लिहिलेली बघितली होती. भ्रमाशिवाय जगायला कोण घाबरतं, असा त्याचा अर्थ त्याने स्वतःच नंतर सांगितला.

स्थळ न्यू कार्थेज नावाचं काल्पनिक कॉलेजगाव, अमेरिकेच्या ईशान्येकडचं न्यू इंग्लंड. वेळ रात्रीचे दोन. मार्था ५२ वर्षांची, तिचा बाप कॉलेजचा प्रेसिडेंट. नवरा जॉर्ज ४६ चा, इतिहास शिकवतो आणि सासरा प्रेसिडेंट असूनही बढती न मिळता तिथेच अडकलाय. लग्नाला २३ वर्षं. बापाच्या घरची पार्टी संपवून दोघं परत आलेत, आणि आता मार्था सांगते की मी अजून दोघांना बोलावलंय, डॅडी म्हणाले त्यांच्याशी नीट वागा. ते दोघं म्हणजे बायॉलॉजीचा नवा तरणा मास्तर निक आणि त्याची बारीकशी बायको हनी. बस, एवढी चारच माणसं, एक दिवाणखाना, आणि भरलेला बार.

पहिली पायरी: सिनेमा नंतर, पुस्तक आधी

१९६६ चा सिनेमा वाईट नाही, उलट उत्तम आहे. माइक निकोल्सचा पहिलाच सिनेमा, तेरा नामांकनं. पण तो १३१ मिनिटांचा आहे आणि मध्येच सगळ्यांना गाडीत घालून रस्त्याकडेच्या एका बारमध्ये नेतो. मूळ नाटक घराबाहेर पाऊल टाकत नाही. ते कोंडलेपण हाच तर मुद्दा आहे, पाहुणे उठून का जात नाहीत हा प्रश्न तुम्हाला दर दहा मिनिटांनी पडला पाहिजे. शिवाय टेलर-बर्टन खऱ्या आयुष्यात नवरा-बायको, त्यामुळे पडद्यावर मार्था-जॉर्जऐवजी आपण तेच बघत बसतो. माझं तरी तसंच झालं.

पुस्तक नको असेल तर कानांनी जा. मूळ संचाचं अख्खं नाटक कोलंबिया कंपनीने चार एलपींवर काढलं होतं, ते रेकॉर्डिंग मिळालं तर उटा हागनचा आवाज ऐका. घोगरा, हसरा, आणि एकदम धारदार होणारा.

वाचताना एका अंकाला एक बैठक द्या. आपल्याला हल्ली दोन अंक आणि मध्ये बटाटेवडा अशी सवय झालीय, हे तीन अंकी आहे आणि तिन्ही अंकांना नावं आहेत. पहिल्याचं साधारण ‘मौजमजा’, दुसऱ्याचं ‘वाल्पुर्गिसनाख्ट’ म्हणजे जर्मन लोककथेतली चेटकिणींची रात्र, आणि तिसऱ्याचं ‘भूत उतरवणं’. तिसरं नाव आत्ताच लक्षात ठेवा. भूत कुणाचं, ते पुढे.

दुसरी पायरी: कागदावर चार नावं लिहा

ही माझी स्वतःची युक्ती. कोऱ्या कागदावर जॉर्ज, मार्था, निक, हनी असे चार रकाने करा आणि वाचताना फक्त एवढंच टिपत जा की आत्ता खोलीत कोण आहे आणि कोण बाहेर गेलंय. बाकी काही नको. कारण या नाटकातली सगळी महत्त्वाची पापं कुणीतरी बाथरूमला, बर्फ आणायला नाहीतर उलटी करायला गेलं की होतात.

पहिलंच उदाहरण बघा. बेल वाजते, पाहुणे दारात, आणि दार उघडायच्या आत जॉर्ज मार्थाला दम देतो की त्या पोराचा विषय काढायचा नाही. वाचताना हे वाक्य सहज निसटतं, कारण तोपर्यंत दोघांनी एकमेकांना वीस गोष्टींवरून टोचलेलं असतं. मग मार्था हनीला बाथरूम दाखवायला वर घेऊन जाते, खाली दोन पुरुष. तुमच्या कागदावर: मार्था आणि हनी बाहेर. थोड्या वेळाने हनी एकटी खाली येते आणि अगदी गोडपणे म्हणते की तुम्हाला मुलगा आहे हे मला आत्ताच कळलं, उद्या एकवीसचा होतोय ना. रंगसूचना अशी की जॉर्ज पाठीत फटका बसावा तसा गर्रकन वळतो.

मी हे पान पहिल्या वाचनात सरळ उलटून पुढे गेलो होतो. मुलगा आहे, वाढदिवस आहे, त्यात काय एवढं? पण नियम इथे मोडलाय. पुढचे दोन तास जे काही घडतं ते या एका वाक्याची वसुली आहे.

तिसरी पायरी: खेळ मोजा

जॉर्ज स्वतः खेळांना नावं देतो, त्यामुळे मोजणं सोपं आहे. यजमानाची फजिती, मग पाहुण्यांची शिकार, मग यजमानीणबाईंना अंथरुणात नेण्याचा एक खेळ (त्याचं मूळ नाव बरंच शिवराळ आहे), आणि शेवटी ‘बाळ वाढवणं’. प्रत्येक खेळात एक जण सावज असतो आणि बाकीचे प्रेक्षक. पेन्सिलने समासात सावजाचं नाव लिहीत गेलात तर दिसेल की पाळी फिरते, एकच माणूस सतत मार खात नाही. मार्था जॉर्जला सर्वांसमोर गाळात घालते, बॉक्सिंग खेळताना त्याला झुडपात पाडल्याची गोष्ट रंगवून सांगते. तेवढ्यात जॉर्ज आत जातो, बंदूक घेऊन येतो, मार्थाच्या डोक्यामागे नेम धरतो, हनी किंचाळते, चाप ओढतो, आणि नळीतून बाहेर येते एक रंगीत छत्री! सगळे हसतात, मार्था तर सगळ्यात जास्त, तिला ते आवडलंय. हे जोडपं एकमेकांचं असं कौतुकही करतं. "तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना" म्हणून मोकळं व्हायचा मोह होईल, पण ती म्हण इथे अर्धीच लागू पडते, यांना एकमेकांवाचून करमत नाही कारण हा खेळ तिसऱ्या कुणाला येतच नाही.

निकला तर अजिबात येत नाही. तो समजतो की हे भांडण आहे, आणि मध्यस्थी करायला नाहीतर संधी साधायला जातो. आपण नवखे वाचक म्हणजे निक, हे मान्य केलं की बरंच सोपं होतं.

चौथी पायरी: बर्जिनच्या गोष्टीवर थांबा

इथे घाई करू नका, माझ्या मते अख्ख्या नाटकाची किल्ली इथे आहे. दुसऱ्या अंकाची सुरुवात, जॉर्ज आणि निक दोघंच. (सिनेमात हा प्रसंग बाहेर झाडाच्या झोक्यावर घेतलाय, आणि तो बर्टनचा सगळ्यात चांगला प्रसंग आहे, हेही कबूल करतो.) जॉर्ज आपल्या शाळेतल्या दिवसांची गोष्ट सांगतो, दारूबंदीचा काळ, पोरं एका चोरट्या बारमध्ये गेलीत, त्यात एक पंधरा वर्षांचा मुलगा, त्याच्या हातून आधी बंदुकीचा बार उडून आई मेलेली, अपघाताने. तो मुलगा बर्बन व्हिस्की मागायला जातो आणि ‘बर्जिन’ म्हणतो. आजूबाजूची माणसं हसतात, मग शेजारचं टेबल, मग सगळा बार, आणि मुलगाही लाजत हसतो. जॉर्ज म्हणतो तो आपल्या तरुणपणीचा सगळ्यात भारी दिवस होता. आणि मग त्याच आवाजात पुढचं सांगतो की पुढल्या वर्षी तो मुलगा गाडी चालवत होता, खिशात लर्निंग लायसन्स, शेजारी बाप बसलेला, रस्त्यात साळिंदर आलं, ते चुकवायला त्याने गाडी वळवली आणि झाडावर घातली. बाप गेला. मुलाला ते सांगितलं तेव्हा तो हसायला लागला तो थांबेचना, आणि तेव्हापासून वेड्यांच्या इस्पितळात आहे.

आता काय करायचं, तर ‘साळिंदर’ आणि ‘लर्निंग लायसन्स’ हे दोन शब्द त्या कागदावर लिहून ठेवायचे. काही पानांनी मार्था सांगते की जॉर्जने एकदा कादंबरी लिहिली होती, आईबापाला मारणाऱ्या मुलाची, माझ्या डॅडींनी छापू दिली नाही, आणि तेव्हा हा म्हणाला होता की ही कादंबरी नाही, हे माझ्या बाबतीत घडलंय. जॉर्ज तिथे तिचा गळा धरतो. मग तो मुलगा जॉर्जच होता का? नाटक सांगत नाही. आणि तिसऱ्या अंकात, जेव्हा जॉर्ज जाहीर करतो की आपला मुलगा मेला, तेव्हा कसा मेला म्हणतो? गाडी चालवत होता, खिशात लर्निंग लायसन्स, साळिंदर आलं, झाडावर आदळला. शब्दाला शब्द तोच.

मी इथे पुस्तक मांडीवर उलटं ठेवून बसलो होतो. कारण मुलगा कधी नव्हताच, उतरवायचं भूत ते हेच. दोघांना मूल झालं नाही, म्हणून दोघांनी मिळून एक कल्पनेतला मुलगा वाढवला, एकवीस वर्षं, त्याचे डोळे हिरवे की निळे यावर वादसुद्धा घातले, आणि नियम एकच होता की बाहेरच्यांपुढे त्याचं नाव काढायचं नाही. ते खोटं मूल मारायला जॉर्जने वापरलं काय, तर ज्याच्याबद्दल आपल्याला कधीच कळणार नाही की खरं होतं का खोटं, असं त्याच्याजवळचं मरण.

पाचवी पायरी: बेल कुणी वाजवली?

दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे निक आणि मार्था स्वयंपाकघरात गेलेत, कशासाठी ते उघड आहे, आणि जॉर्ज मुद्दाम पुस्तक वाचत बसलाय. पुस्तक पाश्चात्य जगाच्या अस्ताबद्दलचं, इतिहासाचा मास्तर दुसरं काय वाचणार. मग चिडून ते पुस्तक भिरकावतो, ते दाराच्या घंटेवर आदळतं आणि घंटा वाजते. आतून उलट्या करून आलेली हनी विचारते, कोण आलंय? आणि त्या क्षणी जॉर्जच्या डोक्यात येतं: हो, कुणीतरी आलंय, निरोप घेऊन आलंय. मुलगा मेल्याची तार. तीच तार पुढे दाखव म्हटल्यावर तो सांगतो, मी खाल्ली. आणि हनी साक्ष देते की हो, मी बघितलं त्याला खाताना.

दिग्दर्शक कसा आहे ते या दोन मिनिटांत कळतं. जॉर्जच्या चेहऱ्यावर आधी दुःख येतं का आनंद? कुठलाही प्रयोग बघा, इथे नटाच्या तोंडाकडे बघा.

हनीकडे तर सगळेच दुर्लक्ष करतात, मीही केलं. ती ब्रँडी पीत राहते, विनोद चुकीच्या जागी हसते. पण पोटात बाळ असल्याचा भास होऊन लग्न झालेली बाई ती, आणि जॉर्जने ‘पाहुण्यांची शिकार’ मध्ये ती गोष्ट तिच्याच नवऱ्याकडून ऐकून तिच्यासमोर उघडी केलेली. तिसऱ्या अंकात कळतं की ती बाथरूमच्या फरशीवर पडून बाटलीचं लेबल सोलतेय. नुसतं पडून सोलणं. आणि मार्था आपल्या मुलाच्या आठवणी सांगत असताना हीच बाई एकदम म्हणते, मला मूल हवंय.

सहावी पायरी: मोठ्याने वाचा, चौघांत

हे जमलं तर सोन्याहून पिवळं. आम्ही चार मित्रमैत्रिणींनी दोन शनिवारांत वाचलं, पहिल्या शनिवारी दीड अंक, दुसऱ्याला उरलेला. पहिल्या वेळी गोंधळ झाला कारण एकाकडे जुनी आवृत्ती होती, ऑल्बीने नंतर मजकुरात स्वतःच काटछाट केलीय, त्यामुळे त्याची वाक्यं आमच्या पुस्तकांत नव्हती आणि तो आम्हालाच पानं चुकवता म्हणत होता. तेव्हा चौघांकडे एकच आवृत्ती असू द्या. खऱ्या नवरा-बायकोने जॉर्ज आणि मार्था वाचू नये, हा अनुभवाचा सल्ला, कुणाचा अनुभव ते विचारू नका. भूमिका वाटताना सगळ्यात जोरकस वाचणाऱ्याला मार्था देऊ नका, त्याला जॉर्ज द्या, कारण मार्थाचा आवाज पानावरच मोठा आहे, जॉर्जला मात्र हळू बोलून मारायचं असतं. आणि खरी दारू नको. चहा चालतो, कोकम सरबत उत्तम दिसतं.

घरात वाचणं ठीक, पण तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर हक्क घ्यावे लागतात आणि इथे परवानगी देणारे फार कडक आहेत. चारही भूमिका पुरुषांनी करण्याला ऑल्बीने स्वतः विरोध केला होता. तो २०१६ मध्ये गेला, तरी नटसंचावरची ती पकड सुटलेली नाही.

सातवी पायरी: आता बघा

आता सिनेमा लावा. या वेळी टेलर मध्ये येत नाही. काळा-पांढरा आहे, हॅस्केल वेक्सलरचा कॅमेरा त्यांच्या घामट चेहऱ्यांना इतका जवळ जातो की कधीकधी मागे सरकावंसं वाटतं, आणि ऑस्कर मिळालेली सँडी डेनिसची हनी बघा. ‘लांडग्याला कोण घाबरतं’ ची चाल सिनेमात वेगळी आहे, मलबेरीच्या झाडाभोवती फिरण्याच्या बालगीताची. पुढचे प्रयोगही गाजलेत. २००५ ला कॅथलीन टर्नर आणि बिल अर्विन, बरोबर पन्नास वर्षांनी १३ ऑक्टोबर २०१२ ला शिकागोच्या स्टेपनवुल्फ कंपनीचा ट्रेसी लेट्स आणि एमी मॉर्टनचा प्रयोग ब्रॉडवेवर, आणि २०१७ ला लंडनमध्ये इमेल्डा स्टॉन्टनची मार्था. लेट्सने जॉर्जला बिचारा नवरा केलं नाही, त्याचा जॉर्ज सुरुवातीपासून धोकादायक होता असं सगळ्यांनी लिहिलं, आणि नाटक वाचलेल्याला ते पटतं.

जाता जाता एक गंमत: १९६३ ला पुलित्झरच्या नाटकाच्या ज्युरीने हेच निवडलं होतं, वरच्या मंडळाने ते नाकारलं आणि त्या वर्षी नाटकाला बक्षीसच दिलं नाही. ज्युरीतल्या दोघांनी राजीनामे दिले. ऑल्बीने पुढे तीन पुलित्झर घेतले, पण या नाटकाला नाही ते नाहीच.

आणि सगळं झाल्यावर पुस्तक परत पहिल्या दहा पानांवर उघडा. मार्था घरात शिरताशिरता बेट्टी डेव्हिसच्या कुठल्याशा सिनेमातली नक्कल करते आणि सिनेमाचं नाव आठव म्हणून जॉर्जच्या मागे लागते, तो दमलाय, त्याला झोपायचंय. पहिल्या वेळी ही कटकट वाटली होती. आता बघा, दोघांनी मिळून कसलंतरी नाटक आठवायचं, एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने पुढचं वाक्य द्यायचं. त्या रात्री जॉर्ज ते वाक्य देत नाही. मग बेल वाजते.